शाळेची वाट हाही हक्कच

अपंग मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढते. पण त्याला रोज शाळेपर्यंत नेणार कोण? मजूर आई त्याला पाठुंगळी घेऊन निघाली, की तिची मजुरी बुडते. मजुरी की शाळा, या पेचात अखेर शाळाच सुटते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे १६ वे कलम अशा मुलांना, तसेच अधिक आधाराची गरज असलेल्यांच्या सोबत्यालाही, वाहतुकीची सोय देण्यास सांगते. परंतु कागदावरचा हक्क आपोआप दारी येत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अशा मुलांची यादी करावी, पालकांना संघटित करावे आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे गाडीची व मदतनिसाची लेखी मागणी करावी. आपण दया मागत नाही. कष्टकऱ्यांच्या लेकरांचा हक्क मागत आहोत!