हप्ता भाड्यातून फिटेल का? भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेणाऱ्यांशी बातचीत
(इंदूर येथे मराठी बचतदारांसमोर केलेले भाषण)



नोकरी करून किंवा लहानसा धंदा सांभाळून जो माणूस महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकतो, त्याची बचत पंधरा-वीस लाखांच्या घरात गेली की एक विषय हमखास निघतो. पैसे ठेवीत पडून आहेत, त्यापेक्षा एखादा फ्लॅट घेऊ, भाड्याने देऊ, हप्ता भाड्यातून फिटेल आणि वीस वर्षांनी फ्लॅट आपला. मी बँकेत गृहकर्जाचं काम पाहतो. 'हप्ता भाड्यातून फिटेल' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. आज मला एवढं एकच वाक्य तपासायचं आहे.

आपण इंदूरकर बोलताना 'किराया' म्हणतो, मी 'भाडं' म्हणेन. चालवून घ्या.

उदाहरण पुण्याचं घेतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांचा डोळा पुण्यावरच असतो. आकडे मांडणीसाठी धरलेले आहेत; तुमच्या फ्लॅटचे आकडे तुम्ही त्यांच्या जागी घाला. फ्लॅटची किंमत ६० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. म्हणजे इथे जास्तीत जास्त ४८ लाख कर्ज. उरलेले १२ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, तेही तुमच्याच खिशातून. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. पंखे, दिवे, गीझर, स्वयंपाकघरातली कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या यांना दीड लाख धरा. झाले १८ लाख. आपल्या मध्य प्रदेशात शहरी भागात शुल्क आणखी जड आहे, ते इथल्या खरेदीच्या वेळी विसरू नका.

आता महिन्याचा हिशोब. ४८ लाख, साडेआठ टक्के दर, वीस वर्षं: हप्ता ४१,६५० च्या आसपास. भाडं १८ हजार धरू. इथेच लोक वजाबाकी करून मोकळे होतात, पण १८ हजार हा हातात पडणारा आकडा नाही. एक भाडेकरू जातो, दुसरा येतो, मध्ये घर रिकामं राहतं. वर्षाला एक महिना तरी धरावा. म्हणजे अकरा महिन्यांचे १ लाख ९८ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३० हजार. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. महाराष्ट्रात ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे माहीत असू द्या. काही सोसायट्या मागून पाहतात. मग महापालिकेचा कर १२ हजार, रंग-नळ-गळती यांना १२ हजार, आणि दलालाला दर दोन वर्षांनी एक महिन्याचं भाडं म्हणजे वर्षाला ९ हजार. उरतात १ लाख ३५ हजार. महिन्याला ११,२५०.

हप्ता ४१,६५०, हाती ११,२५०. दर महिन्याला ३०,४०० रुपये तुमच्या पगारातून जाणार. घर एकूण ६६ लाखांना पडलं आणि वर्षाचं निव्वळ भाडं १ लाख ३५ हजार, म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा वर. साडेआठ टक्क्यांनी पैसे घेऊन दोन टक्क्यांवर लावले, तर मधलं अंतर कोणीतरी भरायचं असतं.

यावर प्रत्येक वेळी एकच उत्तर येतं: साहेब, भाव वाढतो ना! वाढतो. कधी वाढतो, कधी आठ-आठ वर्षं जागचा हलत नाही, पण वाढतो असं धरू. वर्षाला ५ टक्के दराने दहा वर्षं वाढला तर ६० लाखांचे सुमारे ९७ लाख ७३ हजार होतात. त्या दिवशी कर्जाचे ३३ लाख ६० हजारांच्या आसपास बाकी असतात. ते फेडून हाती ६४ लाख, आणि नफ्यावर कर वेगळा. या दहा वर्षांत तुम्ही घातले किती? सुरुवातीचे १८ लाख आणि महिन्याचे ३०,४०० प्रमाणे साडेछत्तीस लाख. एकूण साडेचोपन्न. भाडं दरवर्षी थोडं वाढत गेलं तर यातले तीन-साडेतीन लाख वाचतील. भाव आठ-दहा टक्क्यांनी वाढला तर चित्र पालटतं, हेही खरं. पण मग तुमची कमाई भाड्यातून नाही, भाववाढीच्या अंदाजातून आहे. हा वेगळा व्यवहार झाला आणि त्याचा धोकाही वेगळा.

मध्यंतरी एक जोडपं आलं होतं. नवरा खासगी कंपनीत हिशेबनीस, बायको घरून डबे देते. बचत १७ लाख, मुलगी बारावीला. पुण्याच्या फ्लॅटचं माहितीपत्रक सोबत. मी वरचाच हिशोब कागदावर मांडला. काका बराच वेळ आकडे पाहत राहिले. काकूंनी विचारलं, "आणि हिची फी?" मुलीच्या इंजिनिअरिंगचा पहिला हप्ता पुढच्या जूनमध्ये होता. काका म्हणाले, "दोन पिढ्या इंदुरात गेल्या. तिकडे आपलं म्हणून काही नाही. एक जागा असावी वाटतं."

ही इच्छा मला समजते, आणि ती चुकीची मुळीच नाही. फक्त तिचा खर्च तिच्याच नावाने लिहावा. निवृत्तीनंतर तिथे राहायचं आहे, नातेवाइकांजवळ असायचं आहे, तर ते घर आहे, गुंतवणूक नाही. आणि घरासाठी महिन्याला तीस हजार द्यायची तुमची तयारी आणि ऐपत असेल तर जरूर द्या. ती ऐपत मोजताना मुलीची फी आधी, सहा महिन्यांच्या घरखर्चाची ठेव त्यानंतर, आणि फ्लॅट त्याच्याही नंतर. हप्ता तुमच्या निवृत्तीच्या आत संपतो का, तेही बघा. घर सलग चार महिने रिकामं राहिलं तर पूर्ण ४१,६५० कुठून येतील, हा प्रश्न सही करण्याआधी नवरा-बायको दोघांनी एकमेकांना विचारावा.

माझ्या पेशातलीच एक गोष्ट सांगतो. "बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे जागा चांगली असणार," असं लोक धरून चालतात. बँकेचा वकील मालकी हक्काचे कागद पाहतो, मूल्यांकन करणारा किंमत पाहतो. कर्ज बुडालं तर बँकेचे पैसे निघतील का, एवढंच ते बघतात. त्या गल्लीत भाडेकरू मिळेल का, पाण्याचा टँकर लागतो का, बसथांबा किती लांब आहे, यात बँकेला रस नसतो. ते तुम्ही जाऊन बघायचं. दलालाला 'भाडं किती येईल' विचारू नका. त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या दोन घरांना 'तुम्ही किती देता' विचारा.

करबचतीचं आमिष दाखवून फ्लॅट विकणारे अजून आहेत. भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा भरलेला कर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जावरचं व्याजही वजा होतं. पहिली काही वर्षं व्याज भाड्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, म्हणून कागदावर तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत यातला वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते; जुनी हवी असेल तर ती आपण निवडावी लागते. तेव्हा तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात हे आधी बघा, मग विक्रेत्याचं 'कर वाचेल' ऐका. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का; पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतला तर जीएसटी नाही. भाड्यासाठी घेताय तर तयार घरच बघा, असं माझं मत आहे. हप्ता आज चालू आणि भाडं तीन वर्षांनी, हे लहान बचतदाराला झेपत नाही.

मग सुरुवात कुठून करावी? आपल्या शहरात त्याचं उत्तर बऱ्याच जणांच्या डोक्यावरच आहे, म्हणजे गच्चीवर. भंवरकुआंच्या बाजूला शिकवणीसाठी येणारी मुलं खोल्या शोधत फिरतात, ती आपण रोज पाहतो. स्वतःच्या घरावर, रीतसर परवानगी काढून आणि अभियंत्याकडून पाया-खांब तपासून घेऊन, दोन खोल्या, न्हाणीघर, संडास आणि वेगळा जिना बांधायला समजा ९ लाख लागले. भाडं ९ हजार. विद्यार्थी उन्हाळ्यात जातात, म्हणून दहाच महिने धरा: ९० हजार. दुरुस्ती, पाणी, वाढीव कर यांना १२ हजार. हाती ७८ हजार, म्हणजे घातलेल्या रकमेवर साडेआठ टक्क्यांहून थोडं जास्त. ६ लाख कर्ज दहा वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता ७,४४० आणि सरासरी भाडं महिना ६,५००. खिशातून ९४० रुपये. हा हिशोब इतका चांगला दिसतो कारण जमीन वडिलांनी किंवा तुम्ही कधीच घेऊन ठेवलेली आहे. शिवाय भाडेकरू डोक्यावर राहतो. रात्री अकराला त्याचा नळ गळला तर तुम्हालाच उठावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ते आधीच ओळखावं.

ज्यांच्याकडे गच्ची नाही, त्यांना रीट हा एक मार्ग आहे. मोठ्या कार्यालयीन इमारतींच्या भाड्यात हिस्सा देणारी ही युनिटं २०१९ पासून आपल्याकडे शेअर बाजारात नोंदली जाऊ लागली. वाटप करण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. काही शे रुपयांत एक युनिट मिळतं. पण भाव शेअरसारखा खालीवर होतो. याला ठेव समजू नका.

शेवटी कागदांबद्दल, कारण दूरच्या शहरात घर देणाऱ्यांची गफलत इथेच होते. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तिथे ही नोंदणी ऑनलाइन करता येते, तेव्हा अंतराची सबब नको. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि दिल्याची पोच जपून ठेवा.

अनामतीचं शहरागणिक वेगळं आहे. बंगळुरूत पूर्वापार दहा-दहा महिन्यांची घेत आले. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण ज्या राज्याने तसा कायदा केला तिथेच ती लागू होते. कितीही घ्या, तो पैसा भाडेकरूचा आहे. तो आला त्या दिवशी वेगळ्या ठेवीत टाका आणि करारावर ठेवीचा क्रमांक पेन्सिलने लिहून ठेवा. घर सोडताना तो पैसा परत द्यायला तुमच्या खात्यात शिल्लक शोधावी लागणार नाही.

आता तुमचे प्रश्न. ज्यांनी माहितीपत्रकं सोबत आणली आहेत त्यांनी पुढे यावं, आपण तुमचेच आकडे फळ्यावर मांडू.