टाकीवरची तारीख वाचा
(प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)



गॅसची टाकी आली की आपण सील बघतो, वजन बघतो. तारीख कोण बघतं?

टाकीच्या गळ्याजवळ तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीवर, आतल्या बाजूने, एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ‘बी २७’ असेल तर जून २०२७ संपायच्या आत त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी. ही मुदत गॅसची नव्हे, टाकीची! टाकी आपटते, गंजते. म्हणून तिच्यात पाणी भरून, दाब देऊन ती टिकते का ते पाहतात.

मुदत टळलेली टाकी भिडेपोटी ठेवून घेऊ नका. “दादा, दुसरी द्या,” असं सरळ सांगा. गटाच्या कामाच्या टाकीलाही हेच लागू.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका. बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या टाकीची तारीख लिहून आणायची. आणाल ना?