मेंदूचा रिपोर्ट हातात आल्यावर

पेण आणि रोह्यातल्या बचत गटांच्या बैठकीत आम्ही वह्या तपासतो, हप्ते मांडतो. वही मिटली की मग खरं बोलणं सुरू होतं. हल्ली एक प्रश्न बरेचदा येतो : "ताई, बाळाच्या मेंदूचा एमआरआय काढलाय. रिपोर्ट इंग्रजीत आहे. काय लिहिलंय?" आज त्यावरच बोलू. आम्ही डॉक्टर नाही. आयांबरोबर दवाखान्यात बसून जे विचारून घेतलं, ते सांगतो.

बाळ साधारण चौथ्या महिन्यात मान धरतं, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं. थोडं पुढेमागे होतं. पण बाळ फार मागे राहिलं, हाकेला वळत नसलं, किंवा येत असलेली गोष्ट विसरलं, तर "याचा बापही उशिराच चालला" म्हणून थांबू नका. डॉक्टर आधी बाळाला तपासतात, ऐकू येतं का बघतात, थायरॉइडसारख्या रक्ताच्या तपासण्या सांगतात. गरज वाटली तरच एमआरआय.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, मोठं चुंबक असतं. म्हणून बाळाचे वाळे, ताईत, चांदीचा करदोटा आधीच काढून ठेवा. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि हलून चालत नाही, म्हणून लहान मुलांना झोपेचं औषध देतात. त्याआधी किती तास उपाशी ठेवायचं, ते सांगतील तसंच पाळा. "एक घोट दूध" सुद्धा नको.

रिपोर्टमध्ये शेवटी 'इम्प्रेशन' असतं, तो सारांश. त्यातले काही शब्द बघू. 'डिलेड मायलिनेशन' म्हणजे मेंदूतल्या तारांवरचं आवरण वयाच्या मानाने कमी तयार झालंय. 'ग्लायोसिस' म्हणजे जुन्या इजेचा व्रण. 'पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया' हे लांबलचक नाव दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत जास्त दिसतं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांजवळच्या तारांना इजा झाली, असा त्याचा अर्थ. अशा मुलांचे पाय बरेचदा ताठ राहतात.

आता महत्त्वाचं. आमच्या ओळखीच्या दोन घरांची गोष्ट आहे. रोह्याकडच्या एका ताईने गटातून कर्ज काढून एमआरआय केला. रिपोर्ट 'नॉर्मल' आला. घरचे म्हणाले, "काही झालेलं नाही, पोरगं आळशी आहे, फेऱ्या बंद." पेणजवळच्या दुसरीच्या रिपोर्टमध्ये इजा दिसली. तिचे घरचे म्हणाले, "आता काय उपयोग? खर्च बंद." रिपोर्ट उलटे, पण दोन्ही घरांत बाळाचे व्यायाम थांबले.

मैत्रिणींनो, घराचा फोटो काढला तर भिंती, छप्पर दिसतं. नळाला पाणी येतं का, ते फोटोत दिसत नाही. एमआरआय हा असा फोटो आहे. स्वमग्न असलेल्या, उशिरा बोलणाऱ्या कित्येक मुलांचा एमआरआय नॉर्मल येतो, तरी त्यांना मदत लागतेच. आणि इजा दिसली म्हणजे मूल काहीच शिकणार नाही, असंही नाही. व्रण पुसला जात नाही, पण लहान मेंदू नव्या वाटा शोधतो. पेणच्या कारखान्यांत हात चालवणाऱ्या बायकांना सांगायला नको, शाडू ओला असतो तोवर आकार देणं सोपं. म्हणून रिपोर्टमध्ये 'क्लिनिकल कोरिलेशन' असं लिहितात. त्याचा अर्थ, कागदाबरोबर मुलालाही बघा.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : रिपोर्टमध्ये दिसलेल्या गोष्टीमुळेच बाळाला हा त्रास आहे का? अजून कोणती तपासणी लागेल? घरी रोज काय करून घ्यायचं? पुन्हा कधी दाखवायचं? प्रश्न वहीत लिहून न्या. फिल्म, जुने कागद, बाळंतपणाचं कार्ड एकाच पिशवीत ठेवा.

दोष आईवर येतो, तेही बोललं पाहिजे. ग्रहणात भाजी चिरली म्हणून मेंदूला व्रण पडत नाही. कमी दिवस, जन्मताना कमी मिळालेला प्राणवायू, वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, जनुकांतले बदल, अशी कारणं असतात. कधी कारण सापडतही नाही. सासूबाईंनाही एकदा डॉक्टरांसमोर बसवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. त्या दिवशी कामावर जावं लागलं तरी मूल अंगणवाडीत पोचवा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी 'निरामय' विमा आहे. त्यातून वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात बसते. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो, म्हणून तो टाळू नका. दाखला म्हणजे शिक्का नाही, हक्काचा कागद आहे.

रोह्याच्या ताईने व्यायाम पुन्हा सुरू केले. गटातली एक जण तिच्याबरोबर दिवा गाडीने जाते, दुसरी तिच्या मोठ्या मुलीला सांभाळते. पेणच्या घरी आम्ही अजून जातोय, बोलतोय. तुमच्या गटात अशी आई असेल तर पुढच्या बैठकीत हप्त्याआधी तिला विचारा : "दवाखान्यात कधी जायचंय? सोबत कोण येऊ?"