नाव कमी केल्यानंतर



एखादी वस्तू निर्माण झाली की नाही हे पाहण्यास डोळे पुरतात. परंतु ती निःशेष गेली की नाही, आणि जाताना शेजाऱ्याचे काही घेऊन गेली की काय, हे ठरविण्यास चिकित्सक बुद्धीच लागते. म्हणूनच कंटेनर-रनटाइममधील इमेज काढून टाकण्याच्या क्रियेची परीक्षा हा वरकरणी क्षुद्र वाटणारा विषय मी या वासंतिक व्याख्यानमालेसाठी निवडला आहे.

2013 साली डॉकर हे साधन प्रसिद्ध झाल्यापासून प्रोग्राम व त्यास लागणारी सर्व सामग्री एका गाठोड्यात बांधून ती हव्या त्या सर्व्हरवर चालविण्याचा प्रघात रूढ झाला. हे गाठोडे म्हणजे इमेज, तिच्यातून चालू झालेला प्रोग्राम म्हणजे कंटेनर, आणि तो चालविणारी यंत्रणा म्हणजे रनटाइम. इमेज एकावर एक रचलेल्या थरांची असते. प्रत्येक थर त्याच्या आशयावरून गणिताने काढलेल्या, 64 चिन्हांच्या शा-256 मुद्रेने ओळखला जातो, आणि एकच थर अनेक इमेजांत सामाईक असू शकतो.

आता कंटेनर-डी या रनटाइमला आपण इमेज काढण्यास सांगतो, तेव्हा घडते ते इतकेच, की दप्तरातील तिच्या नावाची नोंद खारीज होते. सातबाऱ्यावरील एक नाव कमी झाल्याने जमीन नाहीशी होत नाही. तसेच येथे थर जागच्या जागी राहतात. मागाहून सफाई करणारा कारकून येतो, ज्या थरांवर कोणाचा तरी हक्क शाबूत आहे त्यांवर खूण करतो, आणि बेवारस ठरलेले तेवढे नष्ट करतो. जॉन मॅकार्थी यांनी 1960 साली लिस्प भाषेसाठी मांडलेल्या युक्तीचेच हे कुळ आहे. नवी इमेज उतरवून घेतली जात असता तिचे अर्धवट आलेले थर बेवारस समजले जाऊ नयेत, म्हणून त्यांस मुदतीचा पट्टा करून दिलेला असतो. ग्राहक-प्रोग्रामाने वेगळी मुदत न सांगितल्यास ती सामान्यतः 24 तासांची असते.

ही व्यवस्था ध्यानी घेतली, म्हणजे केवळ यादीतून नाव गेले एवढे पाहून संतुष्ट होणारी परीक्षा किती अपुरी आहे, हे उघड होते. खऱ्या परीक्षकाने एकाच पायावर उभ्या असलेल्या दोन इमेजा घ्याव्यात, एक काढावी, सफाई पूर्ण होऊ द्यावी आणि दुसरीतून कंटेनर प्रत्यक्ष चालवून पाहावा. नंतर तो कंटेनर व दुसरी इमेजही काढून, डिस्कवरील जागा खरोखर परत मिळाली की नाही, याचा हिशेब घ्यावा. एकाच इमेजला दोन नावे असतील, तर एक काढल्यावर दुसरे अबाधित राहिले पाहिजे. एखाद्या इमेजवर कंटेनर चालू असताना डॉकर ती इमेज काढण्याची साधी आज्ञा नाकारतो. कंटेनर-डी नाव काढू देतो, परंतु कंटेनराच्या पायाखालची जमीन काढत नाही. या दोन्ही रीती स्वतंत्रपणे तपासाव्यात. अनेक सर्व्हरांवरील कंटेनरांची व्यवस्था पाहणाऱ्या क्युबरनेटीसचा रनटाइमशी झालेला करार तर असे सांगतो, की आधीच गेलेली इमेज पुन्हा काढण्यास सांगितली तरी तक्रार येता कामा नये. म्हणून प्रत्येक आज्ञा दोनदा द्यावी.

हा खटाटोप निरर्थक नव्हे. मुळात ठरवून दिलेल्या मर्यादांप्रमाणे डिस्क 85 टक्क्यांवर भरली, की क्युबरनेटीस वापरात नसलेल्या इमेजांपैकी दीर्घकाळ न वापरलेल्या आधी काढू लागतो आणि भरणा 80 टक्क्यांपर्यंत उतरविण्याचा प्रयत्न करतो. ही आज्ञा बहुधा कोणी जागे नसताना सुटते. त्या वेळी थर मागे राहिले, तर डिस्क तुंबते. हक्काचा थर गेला, तर दुसऱ्याचे चालते काम मोडते. पहिली चूक जागा खाते, दुसरी विश्वास.

म्हणून माझ्या तरुण श्रोत्यांस माझी एकच विनंती आहे: काढून टाकण्याची परीक्षा लिहाल, तेव्हा जे गेले त्याची खात्री एका ओळीत करा, आणि जे राहावयास हवे होते त्याची खात्री दहा ओळींत करा.