एका छायाचित्रांतून उभें राहणारें वस्त्र



एखाद्या सदऱ्याचें एकच छायाचित्र संगणकास द्यावें आणि त्यानें चहूं बाजूंनीं फिरवून पाहतां येईल असा सदरा पडद्यावर उभा करावा, ही गोष्ट आतां परीकथेंतली राहिलेली नाहीं. पण छायाचित्र तर सपाट. मग ही खोली येते कोठून?

प्रथम देह घेऊं. २०१५ सालीं जर्मनींतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एसएमपीएल नांवाची मानवी देहाची गणिती आकृति प्रसिद्ध केली. ६,८९० बिंदूंचें हें जणूं शिंप्याच्या दुकानांतलें पुतळेंच; थोडक्या आंकड्यांनीं तें कृश, लठ्ठ, वांकलेलें करतां येतें. छायाचित्रांतील माणसाप्रमाणें तें उभें करावयाचें आणि त्यावर कापड चढवावयाचें. नक्षी सपाट पसरलेली असते. नकाशा पुन्हां पृथ्वीच्या गोलावर चिकटवावा, तशी ती आकृतीवर बसवितात.

कापडाची चाल यंत्र उदाहरणांवरूनच शिकतें. २०२० मधील डीप फॅशन थ्रीडी या संग्रहांत ५६३ खऱ्या कपड्यांवरून केलेल्या २,०७८ आकृति आहेत. प्रकार मात्र दहाच. केवळ निऱ्या व कासोटा यांवर उभें राहणारें आपलें नऊवारी लुगडें अशा शिक्षणाला दाद देईलसें मला वाटत नाहीं!

शिवाय काळी रेघ दिसली, तर ती चुणीची सावली कीं विणलेला पट्टा? सावली नक्षींत मिसळली, तर वस्त्र कसेंही फिरविलें तरी ती तेथेंच चिकटून राहते.

सर्वांत कठीण प्रश्न पाठीचा. २०१९ मध्यें शुन्सुके साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडलेली पिफू ही पद्धति न दिसणाऱ्या बाजूचा आकारच नव्हे, तर रंगही भरून काढते. हें कौशल्य खरेंच. तथापि तें अनुमान आहे. कित्येक घरांत आजीचें एकुलतें एक छायाचित्र असतें. तिच्या पाठीवरचा पदर कसा होता, हें तें सांगत नाहीं. यंत्र मात्र सांगतें, आणि इतक्या ठामपणें सांगतें कीं नातवंडें तोच पदर आजीचा म्हणून जपतील.

वस्तुसंग्रहालयांत फुटक्या रांजणाचा गेलेला भाग पुष्कळदां वेगळ्या रंगाच्या लेपानें भरतात; मूळचें किती नि भरलेलें किती, तें पाहणाऱ्यास कळतें. कल्पिलेली पाठ तशीच फिक्या राखी रंगांत दाखविणें कांहीं अवघड नाहीं. कोणता बिंदु छायाचित्रांत दिसला व कोणता नाहीं, हें यंत्राला काढतां येतें.