निर्यातीच्या नकाशावर भिलाई
(भिलाई येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. देशाला रेल्वेचे रूळ पुरवणारे शहर अशी भिलाईची ओळख पुढे दृढ झाली. मात्र निर्यातीत या परिसराचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ सहज मिळत नव्हते. छत्तीसगढला समुद्रकिनारा नाही. येथील माल अन्य राज्यांतील बंदरांमधून बाहेर पडतो. त्यामुळे बंदराचे नाव डोळ्यांत भरते आणि माल घडवणारा जिल्हा मागे राहतो.

ही उणीव दूर करण्याच्या दृष्टीने फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात मालाचे मूळ राज्य व जिल्हा नोंदवणे बंधनकारक करण्यात आले. परकीय व्यापार धोरण, २०२३ मध्ये ‘जिल्हा निर्यात केंद्र’ या संकल्पनेला स्थान मिळाले. ‘निर्यात’ या शासकीय संकेतस्थळामुळे जून २०२२ पासून व्यापाराची आकडेवारी एकत्र पाहता येऊ लागली. यापुढील पायरी म्हणजे जिल्हा, वस्तू, बंदर, देश आणि महिना निवडताच नकाशा व आलेख बदलून दाखवणारे संवादी ॲप.

मांडणीतील पथ्ये

असे ॲप तयार करताना काही पथ्ये पाळावी लागतात. वस्तूंची वर्गवारी नावाऐवजी आंतरराष्ट्रीय संकेतांकांनी करावी. तांदळाचा शीर्षांक १००६, तर पोलादी रुळांचा ७३०२ आहे. किमतीबरोबर परिमाणही दाखवावे, अन्यथा केवळ भाववाढ ही उत्पादनवाढ भासेल. धोरणातील बदल आलेखावर नोंदवावेत. बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर जुलै २०२३ मध्ये बंदी आली व सप्टेंबर २०२४ मध्ये ती उठली. ही नोंद नसेल, तर त्या काळातील घसरणीचा दोष धान उत्पादकाच्या माथी येईल.

जिल्ह्यांच्या सीमाही स्थिर नसतात. दुर्गशेजारच्या राजनांदगाव जिल्ह्यातून सप्टेंबर २०२२ मध्ये दोन नवे जिल्हे वेगळे झाले. जुन्या सीमांनुसार बेरीज करण्याची सोय नसल्यास राजनांदगावची निर्यात नुसत्या कागदावरच घटलेली दिसू शकते.

नकाशात न दिसणारे

सर्वांत अवघड प्रश्न अप्रत्यक्ष निर्यातीचा आहे. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज बालोद जिल्ह्यातले, पोलाद दुर्ग जिल्ह्यातले. रूळ परदेशी गेले, तर मूळ जिल्हा म्हणून दुर्गची नोंद होईल. बालोदचे नाव त्यात येणार नाही. भिलाईतील लघुउद्योगाने बनवलेला सुटा भाग दुसऱ्या राज्यातील यंत्रात बसून परदेशी गेला, तर त्या उद्योगाचे श्रम दुर्गच्या खात्यावरही पडत नाहीत. जिल्हावार आकड्यांच्या आधारे प्रशिक्षण, चाचणी प्रयोगशाळा वा गोदामे कोठे उभारायची हे ठरू लागले, तर अशा उद्योगांवर अन्याय होण्याचा धोका आहे.

म्हणून ॲपच्या पहिल्याच पडद्यावर या मर्यादा सोप्या भाषेत सांगितल्या पाहिजेत. त्याचबरोबर मूळ जिल्ह्याचा रकाना काळजीपूर्वक कसा भरावा, याचे मार्गदर्शन निर्यातदारांना व त्यांच्या सीमाशुल्क दलालांना मिळाले पाहिजे. त्या रकान्यात कार्यालयाचा किंवा बंदराचा जिल्हा लिहिला गेला, तर उत्तम संगणक प्रणालीही भिलाईचा माल भिलाईच्या नावावर दाखवू शकणार नाही.