विजेच्या गाडीतली लहान बॅटरी



विजेवर चालणारी किंवा हायब्रिड गाडी घरात आली, की सगळ्यांचं लक्ष मोठ्या बॅटरीकडे असतं. किती टक्के उरली, किती किलोमीटर जाईल, वॉरंटी किती वर्षांची. पण त्याच गाडीत बोनेटखाली, डिकीत किंवा सीटखाली आणखी एक बॅटरी असते. १२ व्होल्टची, बहुधा शिसं आणि गंधकाम्ल यांची, जवळजवळ पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. तिला ऑक्झिलरी बॅटरी म्हणतात. सकाळी ऑफिसला निघताना गाडीचं दारच उघडत नाही, किंवा उघडलं तरी पडदा काळा, अशी वेळ येते तेव्हा पुष्कळदा दोष या लहान बॅटरीचा असतो. ती खराब झाली हे ओळखायचं कसं आणि ती घरच्या घरी बदलायची कशी, याबद्दल आज बोलणार आहे.

मोठी बॅटरी असताना हिची गरज काय? मोठ्या बॅटरीचा दाब बहुतेक विजेच्या गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात असतो, हायब्रिडमध्ये बहुधा त्याहून थोडा कमी. माणसाचा जीव घ्यायला तो पुरेसा आहे. म्हणून गाडी बंद केली की मोठी बॅटरी जाड रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. हे रिले पुन्हा जोडायला वीज लागते, आणि ती येते लहान बॅटरीतून. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण कॉक उघडायला घरात कुणी नाही, अशी ही स्थिती. सेंट्रल लॉक, दिवे, ब्रेकचे संगणक, चार्जरशी बोलणारं यंत्र, सगळं १२ व्होल्टवर चालतं. त्यामुळे लहान बॅटरी पूर्ण बसली, तर बहुतेक गाड्या चार्जर लावूनही चार्जिंग सुरू करत नाहीत.

पेट्रोलची गाडी आधी सूचना देते. स्टार्टर जड फिरतो, आवाज बदलतो, मेकॅनिक नसलेल्या माणसालाही कळतं. विजेच्या गाडीत स्टार्टर नाही, आणि बऱ्याच हायब्रिडमध्ये इंजिन मोठ्या बॅटरीच्या जोरावरच सुरू होतं. लहान बॅटरीला फक्त रिले आणि संगणक जागे करायचे असतात, त्याला थोडीच वीज पुरते. म्हणून ती निम्म्याहून जास्त खचली तरी गाडी रोज सुरू होत राहते आणि एक दिवस अचानक होत नाही. डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार इशारे एकदम येऊन पुन्हा जाणं, लॉक अडखळत लागणं, घड्याळ मागे पडणं, ही तिची कुजबुज. पण तेवढ्यावर विसंबू नका. माझा आग्रह मोजण्याचा आहे.

साधा डिजिटल मल्टिमीटर थोड्या पैशांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. दार उघडलं की गाडीतले संगणक जागे होतात, म्हणून बोनेट किंवा डिकी उघडून काही मिनिटं थांबा आणि मग टोकं लावा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी होत आली आहे. आता गाडी 'रेडी' न करता, म्हणजे चालायला तयार अवस्थेत न आणता, हेडलाइट दोन मिनिटं लावून पुन्हा बघा. भरलेली बॅटरी थोडीशीच उतरते. आधी १२.५ दाखवणारी जर झपकन १२ च्या खाली आली, तर तिची साठवण्याची ताकद संपत आली आहे. शंका असेल तर बॅटरीच्या दुकानात टेस्टर असतो, मिनिटभरात निकाल मिळतो.

तिसरं माप सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक घेत नाहीत. गाडी 'रेडी' करून पुन्हा मोजा. पेट्रोलच्या गाडीत अल्टरनेटर असतो, इथे मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टचं खातं भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. तो काम करत असेल तर आकडा साधारण १३.५ ते १४.५ दिसेल. साडेबारावरच अडकून राहिला, तर दोष भरणाऱ्या यंत्रणेत असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे नवी बॅटरी घातलीत तरी तीही काही दिवसांत बसेल. २०२४ साली ह्युंदाईनं भारतासह अनेक देशांत आयोनिक ५ गाड्या परत बोलावून तपासल्या, त्याचं कारण १२ व्होल्टची बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेतलाच दोष हे होतं. तेव्हा आधी मोजमाप, मग खरेदी.

बॅटरी का मरते, तेही ऐका. १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही शिशाची बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचे दोन शत्रू बदललेले नाहीत. एक उष्णता. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या बोनेटखाली आतलं पाणी उडतं आणि शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात. दुसरा शत्रू अर्धवट रिकामं राहणं. तशा अवस्थेत पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. सुट्टीत महिनाभर कोकणात गेलात, गाडी पार्किंगमध्ये, आणि काचेवरचा डॅशकॅम चोवीस तास चालू, तर घात तिथेच होतो. बाहेरून बसवलेले ट्रॅकर आणि अलार्मही तेच करतात. काही गाड्या उभ्या असताना लहान बॅटरी आपोआप भरतात, सगळ्या नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याला किल्ली देऊन दहा-पंधरा दिवसांनी गाडी तासभर 'रेडी' ठेवायला सांगा. मात्र उघड्या पार्किंगमध्ये, कारण हायब्रिडचं इंजिन मध्येच सुरू होऊ शकतं. 'रेडी' न करता नुसती गाणी लावून बसलात, तर उलट बॅटरी उतरते.

आता नवी बॅटरी. जुनीवरचा क्रमांक फोनमध्ये टिपून घ्या. ३८बी२०एल अशा क्रमांकात २० म्हणजे लांबी, सुमारे २० सेंटीमीटर. शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते सांगतं. ते चुकलं तर वायर पोचत नाही, आणि ओढून पोचवायचा प्रयत्न धोक्याचा. जुनीवर एजीएम (शिशाच्या बॅटरीचा एक प्रकार) लिहिलं असेल तर एजीएमच घ्या. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल, तर तिच्यातला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते. ती जोडायची सोय नव्या बॅटरीला हवीच, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. गाडीत मुळात लिथियमची १२ व्होल्ट बॅटरी असेल, तर तिथे शिशाची घालू नका. दुकानात बनल्याची तारीख बघा आणि तिथेच मीटर लावायला सांगा.

काम सुरू करण्याआधी गाडीचं माहितीपुस्तक उघडा. काही कंपन्या ही बॅटरी फक्त वर्कशॉपमध्येच बदलायला सांगतात, काही गाड्यांना नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. तसं लिहिलं असेल तर घरी हात घालू नका. आणि एक रेषा सगळ्यांसाठी: नारिंगी रंगाची वायर दिसली, की तिथे बोट, पाना, फडकं काहीही लावायचं नाही. त्या वायरी मोठ्या बॅटरीच्या आहेत.

चार्जर काढा. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक वर, गाडी बंद. काच खाली करून ठेवा आणि डिकी उघडीच ठेवा, कारण वीज गेल्यावर ती उघडणार नाही. किल्ली घरात दूर ठेवा, म्हणजे गाडी मध्येच जागी होणार नाही. दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवा, हातमोजे आणि चष्मा घाला.

बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह सोडवायचं. कारण सांगतो, म्हणजे क्रम विसरणार नाही. गाडीचं सगळं लोखंड निगेटिव्हला जोडलेलं आहे. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बोनेटच्या कडेला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. पाना लाल होतो, हात भाजतो. निगेटिव्ह आधी सुटलं असेल तर तोच पाना टेकला तरी काही होत नाही. निगेटिव्हवर एखादा छोटा काळा सेन्सर असतो, त्याला ठोकू नका, पिळू नका. सुटलेली वायर कोरड्या फडक्यात गुंडाळून बाजूला करा. मग पॉझिटिव्ह, मग बॅटरी आवळणारी पट्टी. बॅटरी आठ ते बारा किलोची असते, सरळ उचला, तिरकी करू नका.

क्लॅम्पवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आणि ब्रशनं साफ करून पूर्ण कोरडा करा. नवी बॅटरी बसवा, आधी पट्टी आवळा, कारण खड्ड्यांतून हलणारी बॅटरी लवकर मरते. आता क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह टेकताना बारीक ठिणगी उडते, घाबरू नका. क्लॅम्प हातानं फिरवून फिरला नाही की पुरे. वर थोडी पेट्रोलियम जेली लावा.

गाडी 'रेडी' करा आणि मीटर पुन्हा लावा. काही इशारे दिसतील. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडं अंतर चालवलं की बहुतेक विझतात. काच आपोआप वर जात नसेल, तर बटण दाबून ती पूर्ण वर नेऊन क्षणभर धरून ठेवा. ब्रेकचा इशारा मात्र विझला नाही, तर गाडी चालवत राहू नका, वर्कशॉपला फोन करा.

आणि बॅटरी आधीच बसली असेल तर? रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिनं दार उघडा. दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून जंपर केबल लावून बहुतेक विजेच्या गाड्या जाग्या होतात, कारण त्यांना थोडीच वीज लागते. जागा आणि क्रम पुस्तकात बघा. उलट मदत मात्र करू नका. आपल्या विजेच्या गाडीवरून शेजाऱ्याची डिझेल गाडी सुरू करायला गेलात तर कन्व्हर्टर जळू शकतो.

राहिली जुनी बॅटरी. ती गॅलरीत ठेवू नका आणि जो दिसेल त्या भंगारवाल्याला देऊ नका. शिसं जवळजवळ सगळं परत मिळवता येतं, पण ते वस्तीत उघड्यावर वितळवलं, की त्याची धूळ मातीत आणि मुलांच्या रक्तात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण घातक पातळीला किंवा तिच्या वर होतं, आणि अशा बेकायदा भट्ट्या हे त्याचं एक मोठं कारण आहे. आपल्याकडे २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. नवी घेताना जुनी त्याच अधिकृत विक्रेत्याला द्या. तिचे पैसे बिलातून वजा होतात. बिलावर नव्या बॅटरीचा अनुक्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि तीच तारीख बॅटरीवर पक्क्या शाईच्या पेननं लिहून ठेवा.